‘चौघांत’ आणि ‘चार-चार’: भागाकार आधी हाताने होऊ द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बारा लाडू चौघांत वाटले तर प्रत्येकाला तीन मिळतात. बारा लाडू चार-चार करून डब्यांत भरले तर तीन डबे लागतात. वहीत दोन्ही वेळा १२ ÷ ४ = ३ असेच लिहितात, पण हातांनी केलेले काम निराळे असते आणि उत्तरातला ३ देखील निराळा असतो. पहिला तीन लाडवांचा, दुसरा डब्यांचा. प्राथमिक वर्गांत भागाकार अडतो तो बहुतेक वेळा इथे. मांडणी चुकते, पाढा चुकतो, शून्य गळते, असे आपण नंतर म्हणतो. त्या चुकांचे मूळ शोधत गेले तर ते या दोन कामांपैकी एक कधी झालेच नव्हते, इथे सापडते. साधारण तिसरीत भागाकाराचे चिन्ह येते. त्याच्या आधी आणि त्याच्या बरोबरीने घरी-वर्गात काय व्हायला हवे, ते पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि सरावपत्रिका तयार करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहीत आहोत.

मराठीने या दोन कामांसाठी दोन रूपे आधीच करून ठेवली आहेत. माणसे मोजताना आपण दोघे, तिघे, चौघे म्हणतो, पुढे पाच जण, सहा जण. ठरावीक आकाराचा गट करायचा असला की आकडा दोनदा म्हणतो: दोन-दोन, तीन-तीन, चार-चार. ‘चौघांत वाट’ म्हटले की वाटेकरी किती ते ठरलेले असते, प्रत्येकाच्या वाट्याला किती येते ते शोधायचे असते. ‘चार-चार काढ’ म्हटले की गटात किती ते ठरलेले असते, गट किती होतात ते शोधायचे असते. शाळेच्या भाषेत पहिल्याला समान वाटणी म्हणतात, दुसऱ्याला समान गट. ‘दोघांना दे’ आणि ‘दोन-दोन दे’ यांत पाच-सहा वर्षांचे मूल सहसा गोंधळत नाही. मग वहीत दोन्हींचे ‘बारा भागिले चार’ होते आणि मुलाला बोलताना कळत असलेला फरक पुसला जातो. तो पुसू द्यायचा नाही, एवढेच मुख्य म्हणणे आहे. बाकी सारे तपशील आहेत, पण गणितात तपशीलच अडवतात.

आधी वाटणी. साहित्य म्हणून चिंचोके, राजमा, बटणे असे काहीही चालेल. शेंगदाणे आणि गोळ्या टाळाव्यात, कारण मध्येच एखादा तोंडात जातो आणि हिशेब कधीच जुळत नाही. सोबत तीन-चार वाट्या. पहिल्या दिवसांत १२ तिघांत, १० दोघांत, १५ तिघांत, २० चौघांत एवढ्याच संख्या घ्याव्यात. ९ तिघांत किंवा १६ चौघांत सुरुवातीला देऊ नये. तिथे वाटेकरीही तीन आणि वाटाही तीन. मूल ‘तीन’ म्हणाले तर त्याने वाट्या मोजल्या की वाटीतले चिंचोके, हे आपल्याला कळत नाही. सोपी संख्या म्हणून ९ ÷ ३ पहिल्या पानावर छापलेले असते, आणि तेच उदाहरण सर्वांत कमी माहिती देते.

वाटायची पद्धत एकच: प्रत्येक वाटीत एक टाकायचा, फेरी पूर्ण झाली की ‘एक फेरी झाली’ असे मोठ्याने म्हणायचे, मग दुसरी फेरी. म्हणणे महत्त्वाचे, कारण फेरी मध्येच तुटली की मूल पुन्हा पहिल्या वाटीपासून सुरू करते आणि पहिल्या वाटीत एक जास्त जातो. काही मुले मूठभर टाकतात, मग इकडचे काढून तिकडे घालत सारखे करतात. त्यांना लगेच थांबवू नये. कमी-जास्त करून बरोबरी साधणे हीदेखील समज आहे, आणि मोठ्या संख्यांना पुढे तीच उपयोगी पडते. फक्त शेवटी प्रत्येक वाटीतले मोजून बघायला लावावे. आणखी एक हमखास होणारी चूक म्हणजे वाटणारे मूल स्वतःला मोजायला विसरते. ‘तू, ताई आणि दादा तिघांत वाट’ म्हटले तर समोरच्या दोघांत वाटून मोकळे होते. म्हणून स्वतःची वाटी आधी मांडायला सांगावी.

‘समान’ हा पुस्तकातला शब्द आहे. घरात आपण ‘सारखे’ म्हणतो, पण ‘सारखे’चा दुसरा अर्थ ‘सतत’ असाही आहे, आणि लहान मुलांच्या कानावर तो जास्त पडतो: सारखे मागू नकोस, सारखा मोबाइल बघू नकोस. त्यामुळे सुरुवातीला ‘सगळ्यांना तेवढेच मिळाले पाहिजेत, कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको’ असे पूर्ण वाक्य वापरणे चांगले.

वाटून झाल्यावर ‘उत्तर काय?’ असे विचारू नये. या प्रश्नाला मुले बारा म्हणतात, कारण तेवढे चिंचोके समोर दिसत असतात. किंवा तीन म्हणतात, कारण तेवढ्या वाट्या दिसतात. ‘एकाला किती मिळाले?’ असे विचारावे आणि पूर्ण वाक्य म्हणवून घ्यावे: बारा चिंचोके तिघांत वाटले, प्रत्येकाला चार मिळाले. या एका वाक्यात भाज्य, भाजक आणि भागाकार तिन्ही आले. त्यांची नावे नंतर कधीही सांगता येतील.

आता दुसरे काम, जे बऱ्याच ठिकाणी राहून जाते. तेच बारा चिंचोके, पण सूचना ‘चार-चार काढ’. इथे वाट्या आधी मांडून ठेवायच्या नाहीत. गट किती होतील हेच तर शोधायचे आहे. तीन वाट्या तयार दिसल्या की मूल एकेक वाटायला लागते आणि आपण गट शिकवतो आहोत असे समजून पुन्हा वाटणीच करून घेतो. काड्या असतील तर चार-चार काड्या काढून प्रत्येक गटाला रबर लावायचे. चिंचोके असतील तर चार काढले की भोवती खडूने गोल करायचा. हे काम म्हणजे पुन्हा पुन्हा वजाबाकी: १२ − ४ = ८, ८ − ४ = ४, ४ − ४ = ०. तीन वेळा चार गेले, म्हणून तीन. इथली नेहमीची चूक अशी की काढलेले गट एकाच ढिगात टाकले जातात आणि शेवटी ‘किती वेळा काढले’ हे सांगता येत नाही. गट वेगळे ठेवले किंवा प्रत्येक वेळी वहीत एक उभी रेघ मारली की ही चूक राहत नाही. संख्यारेषेवर हेच करताना मुले १२ हा सुरुवातीचा बिंदूही मोजतात आणि उत्तर चार येते. उड्या मोजायच्या, थांबे नाहीत, हे बोट फिरवून दाखवावे लागते.

गटांचे काम वेगळे का हवे, वाटणीने भागत नाही का? पुण्यातल्या पर्वती टेकडीचे उदाहरण घेऊ. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना दर दहा पायऱ्यांनी थांबायचे ठरवले तर दहा वेळा थांबावे लागेल आणि मग तीन पायऱ्या उरतील. हा १०३ ÷ १० आहे, पण इथे वाटणारा कुणी नाही आणि घेणाराही कुणी नाही. ज्या मुलाच्या डोक्यात भागाकार म्हणजे फक्त लाडू वाटणे एवढेच आहे, त्याला हे गणित भागाकाराचे आहे हे ओळखता येत नाही. किंवा सहा लिटर दूध अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरायचे आहे, पिशव्या किती? बारा. ६ ला अर्ध्याने भागले आणि उत्तर सहापेक्षा मोठे आले. वाटणीच्या चित्रात हे बसूच शकत नाही, कारण ‘अर्ध्या माणसात वाट’ याला अर्थ नाही. ‘अर्धा-अर्धा काढ’ याला मात्र स्वच्छ अर्थ आहे. पाचवी-सहावीत अपूर्णांकाने भागताना मुले गडबडतात आणि ‘भागले की उत्तर लहान होते ना?’ असे विचारतात, त्याची पाळेमुळे तिसरीत आहेत.

दोन्ही कामे वेगवेगळ्या दिवशी पुरेशी झाली की मग त्यांना एकत्र आणायचे. दोन कामांना एकच चिन्ह का, हे मुलाला पटले पाहिजे, नुसते सांगून भागत नाही. त्यासाठी वाट्या काढून टाका. कागदावर तीन नावे शेजारी-शेजारी लिहा आणि बारा चिंचोके एकेका नावाखाली वाटायला सांगा, पण एका फेरीतले तिन्ही चिंचोके एकाच आडव्या ओळीत आले पाहिजेत. शेवटी चार आडव्या ओळी दिसतील, प्रत्येकीत तीन. उभे पाहिले तर प्रत्येक नावाखाली चार. आता विचारा: एक फेरी पूर्ण करायला किती लागले? तीन. म्हणजे वाटताना आपण बारातून तीन-तीनच काढत होतो. जितक्या वेळा तीन निघाले तितक्या फेऱ्या झाल्या, आणि जितक्या फेऱ्या तितके प्रत्येकाला मिळाले. तिघांत वाटणे आणि तीन-तीन काढणे यांचे उत्तर एकच का येते, याचे हे पूर्ण कारण आहे, आणि ते आठ वर्षांच्या मुलाला समोर दिसते. आमच्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास. तो घाईत उरकू नये. वेगवेगळ्या चार-पाच संख्यांवर करावा आणि एकदा कागद फिरवून चार ओळी-तीन रांगांचे तीन ओळी-चार रांगा कसे होते तेही पाहावे.

यानंतर पाढ्याला काम मिळते. ‘तीन चोक बारा’ म्हणजे तीन-तीनचे चार गट केले की बारा. आपला पाढा ही गटांचीच भाषा आहे. म्हणून गटांचा अनुभव नसलेले मूल पाढा खडखडीत म्हणते, पण बाराला तिनाने भागताना तो कुठे वापरायचा हे त्याला उमगत नाही. ज्यांचा पाढा अजून कच्चा आहे त्यांना थांबवून ठेवण्याचे कारण नाही. ३, ६, ९, १२ असे तीन-तीनने मोजत जाऊन बोटे मोजली तरी चालते. पाढे पाठ झाल्याशिवाय भागाकार नाही, हा आग्रह उलटा आहे. चिंचोके वाटता-वाटता पाढा पक्का होतो.

आता भाषेतल्या एका अडथळ्याबद्दल. आपण सर्रास विचारतो, ‘पाचाने सातला भाग जातो का?’ मोठ्यांना याचा अर्थ माहीत असतो. मुलाला ‘भाग जातो’ म्हणजे काय कुठे जाते ते कळत नाही. ‘भाग जात नाही’ हे ऐकले की ते समजते, हे गणित होतच नाही, पुढे चला. खरे तर सातातून पाच एकदा निघतात आणि दोन उरतात, म्हणजे गणित होते, फक्त काही उरते. म्हणून निदान पहिले काही महिने ‘सातातून पाच-पाच किती वेळा निघतील?’ किंवा ‘पाच जणांना एकेक द्यायला पुरतील का?’ असे विचारावे. ‘निःशेष भाग जातो’ हे शब्द नंतर यावेत. ‘बाकी’चेही तसेच. दुकानातली बाकी म्हणजे द्यायचे राहिलेले पैसे. त्यामुळे काही मुलांना बाकी म्हणजे अजून करायचे राहिलेले काम वाटते. ‘उरले’ हा शब्द आधी आणि ‘बाकी’ त्याच्या शेजारी, असे काही दिवस चालवावे.

बाकीच्या बाबतीत एक चूक नीट समजून घेण्यासारखी आहे. २३ ÷ ४ याचे उत्तर मूल ४, बाकी ७ असे लिहिते. मुलाला ‘चार चोक सोळा’ पटकन आठवले आणि ते तिथे थांबले. आपण म्हणतो, पडताळा करून बघ. भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी: ४ × ४ + ७ = २३. पडताळा जुळतो! मूल खूश होते आणि आपण गोंधळतो. पडताळ्याचे सूत्र ही चूक पकडू शकत नाही, कारण सूत्राला एवढेच कळते की वस्तू हरवल्या नाहीत. वाटप पूर्ण झाले की नाही हे त्याला कळत नाही. त्यासाठी दुसरा प्रश्न लागतो: उरलेल्या सातांत अजून एक फेरी होईल का? चौघे आहेत, सात उरलेत, होईल. मग ५, बाकी ३. आता अजून एक फेरी? तिनात चौघांची फेरी होत नाही, थांबा. ‘बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते’ हा नियम पाठ करून घेण्यापेक्षा हा प्रश्न विचारायची सवय लावली तर नियम मूल स्वतःच सांगते.

आणि उरलेल्याचे काय करायचे, हे गणित नाही, गोष्ट ठरवते. गणपतीचे २१ मोदक पाच जणांत: प्रत्येकाला चार, एक उरला. स्वारगेटहून १४ पाहुण्यांना रिक्षाने आणायचे, एका रिक्षात तिघे: १४ ÷ ३ म्हणजे ४, बाकी २, पण रिक्षा पाच लागतील. त्या दोघांना स्टँडवर सोडून येता येत नाही. ५० रुपयांत १२ रुपयांची पेने: चार पेने येतील, दोन रुपये परत, इथे पाच म्हणता येणार नाही. तिन्ही ठिकाणी आकडेमोड सारख्याच जातीची आहे, उत्तर मात्र एकदा तसेच ठेवायचे, एकदा वाढवायचे, एकदा उरलेले सोडून द्यायचे. वहीत ‘भागाकार ४, बाकी २’ लिहून पूर्ण गुण मिळत असतील तर रिक्षा किती लागतील हा विचार मूल करणार नाही.

चौथी शक्यता अशी की उरलेले तोडून वाटता येते. इथे मराठी फार श्रीमंत आहे. चौघे जेवायला बसले आहेत. सहा भाकऱ्या: प्रत्येकाला दीड. पाच: सव्वा. सात: पावणेदोन. नऊ: सव्वादोन. दहा: अडीच. आणि तीन भाकऱ्या असतील तर? दोन भाकऱ्यांचे अर्धे-अर्धे केले, चौघांना एकेक अर्धा मिळाला. तिसरीचे चार पाव केले, चौघांना एकेक पाव. अर्धा आणि पाव, पाऊण. ३ ÷ ४ चे उत्तर ताटात पडले. पाव, निम्मे, पाऊण, दीड हे शब्द घरात रोज वापरले जातात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ करून घेत, त्यात हेच होते. म्हणून ‘नेहमी मोठ्या संख्येला लहानाने भागायचे’ हा नियम कृपा करून सांगू नये. तो तिसरीत मुलाला वाचवतो आणि पाचवीत बुडवतो. तीन भाकऱ्या चौघांत वाटायच्या असताना नियम पाळणारे मूल ४ ÷ ३ मांडते.

शून्य आणि एकाबद्दल थोडक्यात. बारा लाडू एकट्यालाच दिले तर बारा. शून्य लाडू चौघांत वाटले तर प्रत्येकाला शून्य. बारातून शून्य-शून्य काढत राहिलो तर कितीही वेळा काढले तरी बारा तसेच राहतात, म्हणून शून्याने भागत नाहीत. हेही गटांच्या भाषेत चटकन कळते.

आता लेखी रीत. इथे आपण ‘वरचा आकडा खाली घ्या’ असे म्हणतो आणि मूल ते यंत्रासारखे करते. घरी पालक भागाकार उजव्या बाजूला कंसात लिहितात, शाळेत तो भाज्याच्या डोक्यावर लिहायला शिकवतात, त्यावरूनही घरोघरी वाद होतात. दोन्ही मांडण्या बरोबर आहेत, मूल शाळेत जी करते ती घरी चालू द्यावी. खरी गरज आहे ती प्रत्येक पायरीला अर्थ देण्याची, आणि त्यासाठी खेळातल्या नोटांइतके चांगले साधन नाही. कागदाचे तुकडे करून शंभराच्या, दहाच्या आणि एकाच्या नोटा बनवाव्यात.

७२ ÷ ३. सात दहाच्या नोटा आणि दोन एकाच्या. तिघांत आधी दहाच्या वाटायच्या: प्रत्येकाला दोन, सहा संपल्या, एक दहाची उरली. ती तिघांत जात नाही, म्हणून सुटी करायची: दहा एकाच्या नोटा. आधीच्या दोन त्यांत मिसळल्या, झाल्या बारा. ‘वरचा दोन खाली घेणे’ म्हणजे हे मिसळणे. बारा तिघांत वाटल्या, प्रत्येकाला चार. उत्तर २४. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आपण उजवीकडून करतो, मग भागाकार डावीकडून का, हा मुलांचा प्रश्न रास्त आहे. मोठ्या नोटा आधी वाटल्या की उरलेली नोट सुटी करून पुढच्या वाटपात घालता येते. एकाच्या आधी वाटल्या तर दहाची सुटी केल्यावर त्यांचे वाटप पुन्हा करावे लागते. एकदा उलट्या क्रमाने करून बघू द्यावे, मूलच कंटाळून सरळ क्रमावर येते.

६१८ ÷ ६ हे उदाहरण प्रत्येक वर्गात करून घ्यावे. पुष्कळ मुले उत्तर १३ लिहितात. नोटांनी करा: सहा शंभराच्या, सहा जण, प्रत्येकाला एक. दहाची एकच नोट आहे, सहा जणांना पुरत नाही, म्हणजे दहाची नोट कुणालाच मिळाली नाही. हे ‘कुणालाच नाही’ वहीत ० म्हणून लिहायचे असते. मग ती नोट सुटी केली, दहा आणि आठ अठरा, प्रत्येकाला तीन. उत्तर १०३, पर्वतीच्या पायऱ्यांइतके. शून्य गळते, कारण ‘सहाने एकाला भाग जात नाही’ म्हटले आणि मूल सरळ पुढच्या आकड्यावर गेले. भाषेतला अडथळा वर सांगितला तो इथे असा महाग पडतो. उपाय म्हणून वाटप सुरू करण्याआधी एक अंदाज विचारावा: प्रत्येकाला किमान किती मिळतील? शंभराची एकेक नोट तर मिळणारच, म्हणजे उत्तर शंभराच्या खाली येऊच शकत नाही. हा अंदाज वहीच्या कडेला लिहिला असेल तर १३ हे उत्तर मूल स्वतःच खोडते.

शाब्दिक उदाहरणांसाठी ‘वाटले, प्रत्येकी, सारखे हे शब्द आले की भागाकार’ अशी यादी काही ठिकाणी पाठ करून घेतली जाते. ‘तिघांना प्रत्येकी चार लाडू दिले, एकूण किती?’ यात ‘प्रत्येकी’ आहे आणि गणित गुणाकाराचे आहे. ‘चौघांना चार-चार लाडू’ यात आमची दोन्ही रूपे आहेत आणि उत्तर सोळा आहे. म्हणून आम्ही सुचवत असलेली रूपे उदाहरणात शोधायची खूण नव्हे. ती मुलाने वस्तू हाताळताना स्वतः बोलायची आहेत. उदाहरण वाचून तीन गोष्टी विचाराव्यात: एकूण किती ते दिले आहे का? वाटेकरी किंवा गट किती ते दिले आहे का? एका वाट्याला किंवा गटात किती ते दिले आहे का? तिन्हींपैकी जे दिलेले नाही ते शोधायचे. एकूण माहीत नसेल तर गुणाकार, इतर दोहोंपैकी एक माहीत नसेल तर भागाकार.

ग्रामीण मुलांना वाचन आणि गणित किती येते हे तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला देतात. २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या सुमारे ३१ टक्के मुलांना ते जमले. ही पाहणी खेड्यांतली आहे, पुण्यातल्या शाळांची नाही. पण अशा आकड्यांचा धसका घेऊन शहरातही लेखी रीत आणखी लवकर, आणखी जास्त घोटून घेण्याकडे कल होतो. केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाले, तिसरीपर्यंत पायाभूत भाषा आणि संख्याज्ञान हे त्याचे ध्येय आहे आणि २०२६-२७ ही मुदत. मुदत जवळ आली की चिंचोके बाजूला पडतात आणि पानेच्या पाने ‘÷’ ची उदाहरणे येतात. रीत लवकर आणून वेळ वाचत नाही, चौथी-पाचवीत तो दुपटीने जातो.

म्हणून शाळांना, सरावपत्रिका छापणाऱ्यांना आणि आपल्या दैनिकात मुलांसाठी गणिताची कोडी देणाऱ्यांना एक विनंती आहे. भागाकाराच्या प्रत्येक पानावर, चौकटी भरण्याच्या उदाहरणांआधी, एक प्रश्न असावा: ‘१५ ÷ ५ साठी दोन वेगळी चित्रे काढ.’ पाच ताटे आणि प्रत्येकात तीन, हे चित्र बहुतेक मुले काढतील. पाच-पाचचे तीन गट, हे दुसरे चित्र ज्याला सुचत नाही, त्याला पुढच्या उदाहरणांकडे न पाठवता पंधरा चिंचोके हातात द्यावेत, वाट्या काढून घ्याव्यात आणि ‘पाच-पाच काढ’ म्हणावे.

आपले,
प्राथमिक वर्गांना गणित शिकवणारे काही शिक्षक, पुणे